मानसशास्त्राचा पहिला प्रयोग: प्रश्न ठरवण्यापासून जर्नल लिहिण्यापर्यंत

अकरावी-बारावीला किंवा एफवायबीएला मानसशास्त्र घेतलं की सुरुवातीलाच 'संशोधन पद्धती' हे प्रकरण भेटतं, आणि बहुतेक जण ते व्याख्या पाठ करून उरकतात. निरीक्षणाचे चार फायदे, सर्वेक्षणाचे चार तोटे, स्वतंत्र चल (जो घटक आपण बदलतो तो), परतंत्र चल (ज्यावरचा परिणाम मोजतो तो). परीक्षेपुरतं भागतं. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला समोर खरा माणूस बसला की हात अडतो. खरं तर या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक नियम एखाद्या ठरावीक चुकीचा बंदोबस्त म्हणून आलेला आहे. चूक कोणती ते कळलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. म्हणून इथे चुकांच्या बाजूने जाऊ, आणि पुढे वर्गातच करता येईल असा एक प्रयोग पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत मांडू.

आधी प्रश्न मोजता येईल असा करा

"मोबाइलमुळे मुलांचं अभ्यासात लक्ष लागत नाही." हे मत झालं. कोणती मुलं? मोबाइल म्हणजे हातात असलेला, वापरात असलेला, की नुसता समोर ठेवलेला? आणि लक्ष लागलं की नाही हे कशावरून ठरवायचं? हेच वाक्य असं लिहून पाहा: "एफवायबीएचे विद्यार्थी दोन पानांचा उतारा वाचत असताना त्यांचा फोन बाकावर असेल, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा उताऱ्यावरच्या १० प्रश्नांत त्यांना कमी गुण मिळतील." आता हे वाक्य खोटं ठरू शकतं, म्हणून ते गृहीतक आहे. जे कोणत्याही निकालाने खोटं ठरणार नाही ते तपासण्यात अर्थ नाही.

यात 'लक्ष' या शब्दाची जागा '१० पैकी गुण' यांनी घेतली. हीच कार्यकारी व्याख्या. ती नीट झाली का, हे बघायला एक सोपी कसोटी आहे: कागद मैत्रिणीच्या हातात द्या. तुम्हाला काहीही न विचारता तिला तीच गोष्ट तशीच मोजता आली, तर व्याख्या पुरेशी आहे.

मग पद्धत निवडा

लोक काय करतात एवढंच बघायचं असेल तर निरीक्षण. काय वाटतं किंवा किती जण करतात हे हवं असेल तर सर्वेक्षण. एखादी दुर्मीळ घटना खोलात समजून घ्यायची असेल तर व्यक्ती-अभ्यास. दोन गोष्टी बरोबरीने कमी-जास्त होतात का, यासाठी सहसंबंध. आणि एकामुळे दुसरं होतं का, हे विचारायचं असेल तर प्रयोगच. नवशिक्यांची नेहमीची गल्लत अशी, की प्रश्न 'मुळे'चा असतो आणि हाताशी गूगल फॉर्म असतो.

निरीक्षणात मुख्य धोका निरीक्षकाच्या मनाचा. "मुलं आक्रमक वाटली" अशी नोंद निरुपयोगी. "ढकललं", "वस्तू हिसकावली", "मारलं" असे प्रकार आधी ठरवा. ३० सेकंद बघायचं, ३० सेकंद लिहायचं, असे २० मिनिटांत २० तुकडे होतात. दोघांनी एकाच वेळी पण एकमेकांचा कागद न बघता नोंदी कराव्यात. मग जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागून १०० ने गुणा. उत्तर ८० च्या खाली आलं तर प्रकारांच्या व्याख्या ढिल्या आहेत. त्या दुरुस्त करून पुन्हा बसा.

व्यक्ती-अभ्यासाला 'एकाच माणसावरून काय कळणार' म्हणून हसू नये. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनासे झाले. तरीही आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवण्याचं काम ब्रेंडा मिल्नर यांनी दिलं, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. हे काम आपण आधी केलं आहे हे मात्र त्यांना आठवत नसे. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे या एका माणसाने दाखवलं. व्यक्ती-अभ्यासातून 'असं होऊ शकतं' हे कळतं. 'किती जणांत होतं' ते कळत नाही.

सर्वेक्षणात संख्येचा मोह आवरा. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि अंदाज निघाला की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. नावं टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळात पैसे बाळगून असलेल्यांची. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे सारखे नव्हते. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फॉर्म हीच चूक लहान प्रमाणात करतो: ज्यांना विषयात रस आहे तेच भरतात. प्रश्नांच्या बाबतीत एवढं पाळा. एका प्रश्नात एकच गोष्ट ("ग्रंथालय आणि कॅन्टीन चांगलं आहे का?" याला उत्तर काय द्यायचं?), आणि 'नेहमी', 'कधीकधी' यांच्याऐवजी 'गेल्या ७ दिवसांत किती वेळा' असं विचारा.

सहसंबंधाच्या जागी थोडं थांबा

प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलांची उंची मोजा आणि त्यांना किती शब्दांचे अर्थ येतात ते तपासा. उंच मुलांना जास्त शब्द येतात, असा चांगला भक्कम सहसंबंध मिळेल. उंचीने शब्द वाढत नाहीत. वय दोन्ही वाढवतं. हा तिसरा चल. झोप आणि गुण, सोशल मीडिया आणि उदासी, वाचन आणि एकाग्रता, यांत तो इतका उघड दिसत नाही, म्हणून फसायला होतं. दुसरी अडचण दिशेची: सोशल मीडियामुळे उदासी, की उदास माणूस जास्त वेळ फोनमध्ये राहतो?

सहसंबंध गुणांक −१ ते +१ यांच्यामध्ये असतो. −०.६ हा +०.४ पेक्षा बळकट संबंध आहे. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं. आणि ०.५ म्हणजे 'पन्नास टक्के संबंध' नव्हे. त्याचा वर्ग करा: ०.२५, म्हणजे एका चलातल्या चढउतारांपैकी चौथा हिस्सा दुसऱ्याशी जोडता येतो. गुणांक काढण्याआधी बिंदू-आलेख काढाच. एकच विचित्र बिंदू आकडा वर-खाली करू शकतो, आणि वक्र संबंध असेल तर गुणांक शून्याजवळ येऊनही संबंध असतो.

प्रयोगात नेमकं काय वेगळं असतं

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा अभ्यास समजला की निम्मं प्रकरण समजलं. ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. पाच गट, प्रत्येकी ९ जण. प्रश्न तोच, फक्त क्रियापद वेगळं. गाड्या एकमेकींवर आदळून चेंदामेंदा झाल्या, अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल आला. नुसत्या टेकल्या अशा अर्थाचं वापरलं तेव्हा ३१.८. क्रियापद हा स्वतंत्र चल, सांगितलेला वेग हा परतंत्र चल, आणि फिल्म, खोली, उरलेला प्रश्न हे सगळं कायम ठेवलेलं. दुसऱ्या प्रयोगात १५० जण होते. आठवड्यानंतर त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटलं, साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० पैकी ६. हा शेवटचा गट नियंत्रित गट. तो नसता तर ७ हा आकडा जास्त की नेहमीचाच, हे सांगताच आलं नसतं.

इथे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात. यादृच्छिक नमुना म्हणजे लोकसंख्येतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी. त्याने निष्कर्ष इतरांना लागू करता येतो. यादृच्छिक वाटणी म्हणजे मिळालेली माणसं गटांत चिठ्ठीने विभागणं. त्याने कारण-परिणाम बोलता येतं. वर्गातल्या प्रयोगात पहिलं जवळजवळ कधीच नसतं, दुसरं मात्र असायलाच हवं. पुढच्या बाकांवरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्यात, ही वाटणी नव्हे. २० जण असतील तर १० चिठ्ठ्यांवर 'क', १० वर 'ख' लिहा, घड्या सारख्या घाला, आणि प्रत्येकाला उचलू द्या.

आता प्रत्यक्ष: स्ट्रूपचा प्रयोग

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग पहिल्यांदा करायला उत्तम आहे. परिणाम मोठा आहे, त्यामुळे थोड्या माणसांतही दिसतो, आणि साहित्यात कागद व घड्याळ पुरतं. मूळ प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. वेगळ्याच रंगात छापलेल्या १०० रंगनामांचे (उदा. हिरव्या शाईत छापलेला 'लाल' हा शब्द) रंग सांगायला ११०.३, कारण शब्द आपोआप वाचला जातो आणि उत्तरात अडथळा आणतो.

*कार्डं.* A४ आकाराची दोन, दोन्हीवर ६ ओळी × ६ रकाने, म्हणजे ३६ नग. चार रंग घ्या: लाल, निळा, हिरवा, पिवळा. ३६ च का? चार शब्दांपैकी प्रत्येक शब्द उरलेल्या तीन रंगांत छापला की १२ जोड्या होतात. प्रत्येक जोडी तीनदा घेतली की ३६, आणि प्रत्येक रंग बरोबर ९ वेळा येतो. ४० घेतले तर हा हिशोब मोडतो. हे ३६ शब्द 'ख' कार्डावर. 'क' कार्डावर नुसते रंगीत चौकोन, तेही प्रत्येक रंगाचे ९. एकच रंग लागोपाठ येऊ देऊ नका. आणि 'ख' कार्डावर एका जागी 'निळा' हा शब्द असेल तर लगेच पुढच्या नगाची शाई निळी नको. नुकताच दाबलेला शब्द उत्तर म्हणून काढायला जास्त वेळ लागतो आणि तो वेगळाच परिणाम तुमच्या मोजमापात मिसळतो. पिवळा रंग पांढऱ्या कागदावर पुसट दिसतो, म्हणून दोन्ही कार्डांची पार्श्वभूमी फिकट करडी ठेवा. निळा आणि जांभळा एकत्र घेऊ नका; स्वस्त प्रिंटरवर ते सारखेच उतरतात. याशिवाय सरावासाठी १२ चौकोनांचं छोटं कार्ड.

इथे बरेच जण 'क' कार्डावर काळ्या शाईतले शब्द छापतात आणि ते वाचायला लावतात. तसं करू नका. मग एका कार्डावर वाचन आणि दुसऱ्यावर रंग सांगणं, अशी दोन वेगळी कामं होतात, आणि आलेला फरक अडथळ्याचा की कामाचा हे कळत नाही.

*माणसं आणि क्रम.* २० जण पुरेत. प्रत्येक जण दोन्ही कार्डं करतो, म्हणून वाटणी गटांची नसून क्रमाची: चिठ्ठीत 'क' आलेला आधी 'क' कार्ड करेल, 'ख' आलेला आधी 'ख'. सगळ्यांना 'क' आधी दिलं, तर दुसऱ्या कार्डाच्या वेळी आलेला सराव किंवा कंटाळा फरकात मिसळतो. या अदलाबदलीला प्रतिसंतुलन म्हणतात. सुरू करण्याआधी चारही रंगांचे ठिपके दाखवून नावं विचारा. लाल-हिरव्यात गोंधळ होणारा कुणी असेल, पुरुषांत हे जास्त आढळतं, तर त्याची आकडेवारी घेऊ नका.

*संमती.* काय करायचं आहे, साधारण १० मिनिटं लागतील, मध्येच थांबता येईल, नाव कुठेही येणार नाही, हे चार मुद्दे लिहून सही घ्या. १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती आणि त्याचा स्वतःचा होकार, दोन्ही. ही केवळ कागदी औपचारिकता नाही. स्टॅनली मिलग्राम यांच्या आज्ञापालनाच्या पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण सहभागींचा घाम आणि थरथर खरी होती. अशा प्रयोगांवरच्या वादांतून आजचे नियम घडले.

*सूचना.* लिहून ठेवा आणि सगळ्यांना शब्दशः तीच वाचून दाखवा: "कार्डावर काही शब्द दिसतील. शब्द वाचायचा नाही. तो ज्या रंगात छापला आहे तो रंग मोठ्याने सांगायचा. डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ. चुकलात तर लगेच दुरुस्त करा आणि पुढे जा. जमेल तितक्या लवकर, पण बिनचूक." 'क' कार्डासाठी 'शब्द' ऐवजी 'चौकोन'. मध्येच "छान", "लवकर" म्हणू नका. क्लेव्हर हान्स हा हिशोब करणारा घोडा प्रत्यक्षात समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचून टापा थांबवत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं. माणसाला तर तुमचा चेहरा वाचायला काहीच कष्ट नाहीत. म्हणून बाजूला बसा, समोर नको.

*मोजणी.* कार्ड पालथं ठेवा, "सुरू" म्हणताना उलटा आणि घड्याळ चालू करा. छत्तिसावा रंग ऐकू आला की बंद. मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल, फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या जोडीदाराकडे बरोबर उत्तरांचा तक्ता असावा. त्यावर दुरुस्त केलेल्या चुकीला टिंब, न केलेल्या चुकीला फुली. 'निळी', 'निळं' ही उत्तरं बरोबर धरायची हे आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येक टिपणारा आपापला न्याय करतो. दोन कार्डांमध्ये एक मिनिट विश्रांती द्या.

कुठे बिघडतं

काही जण डोळे बारीक करून अक्षरं धूसर करतात किंवा शब्दाच्या एका कोपऱ्यावर नजर ठेवतात. मग अडथळाच उरत नाही. शेवटी "काही युक्ती केलीत का?" असं विचारून नोंद करा. पुढचा सहभागी त्याच खोलीत वाट बघत बसला तर त्याला काम आधीच कळलेलं असतं. ट्यूबलाइटखाली निम्मे आणि खिडकीजवळ निम्मे बसवले तर रंगच वेगळे दिसतात.

वेग आणि अचूकता यांची देवघेव हा जास्त छुपा दोष. एखादा 'ख' कार्ड २६ सेकंदांत संपवतो, पण ८ चुका करून. त्याचा वेळ कमी दिसतो, अडथळा कमी नसतो. ३६ पैकी ४ किंवा अधिक चुका दुरुस्त न करता सोडल्या तर आकडेवारी वगळायची, असा नियम आकडे बघण्यापूर्वीच लिहून ठेवा. आकडे बघून नको असलेली माणसं वगळणं म्हणजे सरळ लबाडी, भले करताना तसं वाटत नसेल.

मराठी कार्डांच्या बाबतीत आणखी एक. इंग्रजी माध्यमातून शिकलेले, मराठी अडखळत वाचणारे सहभागी असतील तर त्यांच्यात फरक लहान येऊ शकतो, कारण अडथळा येतो तो शब्द आपोआप वाचला जातो म्हणून. शाळेचं माध्यम प्रत्येकाच्या कागदावर लिहून घ्या. चर्चेत ते उपयोगी पडतं.

हिशोब

समजा ८ जणांचे वेळ असे आले, आधी 'क' मग 'ख': २२–३५, २५–३९, २०–२९, २७–४४, २३–३४, २६–४४, २१–३१, २४–३६. सरासरी २३.५ आणि ३६.५. प्रत्येकाचा फरक काढा: १३, १४, ९, १७, ११, १८, १०, १२. फरकांची सरासरी १३. आता प्रत्येक फरकातून १३ वजा करून वर्ग करा आणि बेरीज घ्या: ७२. तिला ७ ने भागा (माणसांपेक्षा एक कमी) आणि वर्गमूळ काढा: ३.२१. हे फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप. त्याला ८ च्या वर्गमूळाने, म्हणजे २.८३ ने भागलं की १.१३. शेवटी १३ भागिले १.१३, टी-मूल्य साधारण ११.५. स्वाधीनता मात्रा (इथे माणसांपेक्षा एक कमी) ७ असताना ०.०५ पातळीवर द्विपुच्छ चाचणीचं (फरक कोणत्याही दिशेने आला तरी धरणाऱ्या) तक्त्यातलं मूल्य २.३६५ आहे, आपलं त्याच्या कितीतरी पुढे. २० जण असतील तर मात्रा १९ आणि तक्त्यातलं मूल्य २.०९३.

दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी इथे लावू नका. तीच माणसं दोनदा मोजली आहेत, म्हणून फरकांवरची चाचणी.

०.०५ चा अर्थही नीट धरा. 'गृहीतक ९५ टक्के खरं' असा तो नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने १०० पैकी ५ हून कमी वेळा आला असता, एवढंच. आणि एक अभ्यास म्हणजे अखेरचा शब्द नव्हे: मानसशास्त्रातल्या १०० प्रसिद्ध अभ्यासांच्या पुनरावृत्तीचे निकाल २०१५ मध्ये आले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सार्थ (०.०५ च्या कसोटीला उतरणारा) होता, पुनरावृत्तींपैकी फक्त ३६ टक्क्यांत. स्ट्रूप परिणाम मात्र पुन्हा पुन्हा आलेला आहे. तुमच्या वर्गात तो आला नाही, तर आधी कार्डं आणि सूचना तपासा.

जर्नलमध्ये

कार्यपद्धती भूतकाळात लिहा आणि तुम्ही खरंच जे केलं तेच लिहा, गाइडमध्ये छापलेलं नको. निकालात फक्त आकडे: सरासरी, प्रमाण विचलन, टी, चुकांची संख्या, किती जण वगळले आणि का. अर्थ लावायचा तो चर्चेत. 'गृहीतक सिद्ध झाले' असं लिहू नका. 'गृहीतकाला पाठिंबा मिळाला' म्हणा. 'मराठी माणसांत' असंही नको, कारण तुमचे २० जण एका कॉलेजचे, एका वयाचे आणि बहुधा ओळखीतले आहेत. मूळ नोंदींच्या कागदांवर नावांऐवजी १ ते २० क्रमांक टाका, संमतीपत्रं वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि वर्ष संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात: "अकराव्या सहभागीचा वेळ इतका कमी कसा?" त्याचं उत्तर जर्नलच्या सुबक तक्त्यात नसतं, ते त्या मूळ कागदावर, 'युक्ती केलीत का' या रकान्यात असतं.